भाजीचे वाफे आणि कोंबड्या एकाच परसात: पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी

कोंबड्या किडी खातात, खत देतात, वर अंडीही देतात. म्हणून भाजीच्या बागेत त्या असाव्यातच, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. सल्ला खरा आहे, पण अर्धा आहे. कोंबडीला हुमणीची अळी आणि गांडूळ यांतला फरक कळत नाही. तण आणि पालकाचं रोप यांतलाही नाही. नुकतीच खणलेली, मऊ, ओली माती दिसली की ती उकरणारच. म्हणून दोन्ही एका परसात सांभाळायचं तर वाफे आणि कोंबड्या यांच्यामध्ये एक दार हवं, आणि ते कधी उघडायचं, कधी बंद ठेवायचं हे आपण ठरवायला हवं. पुढचा सगळा क्रम मी त्या दाराच्या अनुषंगानेच लावला आहे.

एक कळकळीची विनंती: खुराडं आणि कुंपण तयार होईपर्यंत पिल्लं घरी आणू नका. पिल्लं बघता बघता वाढतात, आणि घाईत उभं केलेलं कुंपण पहिल्याच आठवड्यात वाफ्यांचा बळी देतं.

१. परवानगी आणि कागदपत्रं

कोंबड्या पाळण्याचे नियम गावागणिक, शहरागणिक बदलतात. किती पक्षी चालतात, कोंबडा चालतो का, शेजारच्या घरापासून खुराडं किती अंतरावर हवं, हे स्थानिक प्रशासनाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शेजाऱ्यांशीही आधीच बोला. त्यांची भीती दोनच गोष्टींची असते, वास आणि आवाज. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. एवढं समजावून सांगितलं तरी निम्मा विरोध मावळतो.

एका फाइलीत हे ठेवा:

- स्थानिक नियमाची प्रत किंवा परवानगी
- घर भाड्याचं असेल तर मालकाची, सोसायटीत असेल तर सोसायटीची लेखी संमती
- पक्षी घेतल्याची पावती आणि लसीकरणाची नोंद (कोणती लस, कोणत्या वयात)
- पशुवैद्यकाचा फोन नंबर. ते कोंबड्या तपासतात ना, हे आधी विचारा. बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरी बघतात
- एक वही: कोणत्या वाफ्यात कोंबड्या कधी सोडल्या, खत कधी घातलं, अंडी किती, औषध कोणतं दिलं

ही वही किती कामाची आहे ते सातव्या पायरीत कळेल.

२. किती कोंबड्या, कोणत्या

कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे, एकटी झुरते. किमान तीन घ्या. घरच्या बागेला तीन ते पाच पुरतात. आकडा अंड्यांवरून ठरवण्याचा मोह होतो, पण तो बागेवरून ठरवा. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम शीट टाकते. चार कोंबड्या म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा किलो, आणि हे वर्षभर. छोट्या बागेला एवढं खत पुरून उरतं. डझनभर कोंबड्या ठेवल्या तर खताचं काय करायचं हाच रोजचा प्रश्न होऊन बसतो.

पिल्लं आणण्याऐवजी अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तलंगा (तरुण माद्या) मिळाल्या तर नवख्यांनी त्याच घ्याव्यात असं माझं मत आहे. पिल्लांना ऊब द्यावी लागते, त्यातले नर-मादी लवकर ओळखू येत नाहीत आणि नाजूक काळ आपल्या हातून जातो. जातींच्या बाबतीत, लेगहॉर्नसारख्या हलक्या, चपळ कोंबड्या भरपूर अंडी देतात पण कुंपण सहज उडून ओलांडतात. ब्रह्मा, कोचीनसारख्या जड, पायांवर पिसं असलेल्या जाती कमी उडतात आणि उकरतातही कमी. अंडी मात्र कमी देतात. उष्ण हवेत या जड जातींना त्रास होतो, तिथे हलक्या अंगाच्या स्थानिक जाती बऱ्या.

३. खुराडं

आत एका कोंबडीला ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात ८ ते १० चौरस फूट जागा धरा. याहून कमी जागेत त्या एकमेकींची पिसं टोचायला लागतात.

झोपायला आडवी दांडी हवी: दीड-दोन इंच जाड, कडा गोल केलेली, दर पक्ष्यामागे ८ ते १० इंच. अंड्यांची खोकी फूटभर लांब-रुंद-उंच पुरतात, तीन-चार कोंबड्यांत एक. खोकं दांडीपेक्षा खाली बसवा. उंचावर असेल तर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतात.

आता जाळीबद्दल, कारण सगळ्यात जास्त कोंबड्या इथे जातात. षटकोनी भोकांची पातळ 'कोंबडी जाळी' कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो. मुंगूस, साप, उंदीर भोकांतून आत शिरतात. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकटीची वेल्डेड जाळी लावा, खिडक्या आणि हवेच्या झरोक्यांनासुद्धा. जाळीचा तळ जमिनीत फूटभर पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून वर माती टाका. खणणारं जनावर कुंपणाच्या मुळाशी खणतं आणि तिथेच अडतं. दाराला नुसती खिट्टी पुरत नाही, कडी घालून कुलूप किंवा हूक लावा.

झरोके झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवेत. कोंबडीला थंडी बरीच सोसते, ओलावा आणि कोंदट हवा सोसत नाही. जमिनीवर लाकडाचा भुसा, तूस किंवा वाळलेल्या पानांची चार-सहा इंचांची गादी करा, अधूनमधून वरखाली करा, ओली झालेली तेवढी काढा. आत गेल्यावर डोळे चुरचुरले की अमोनिया साठला आहे असं समजा. गादी लगेच बदला आणि हवा खेळती करा.

खुराड्याची जागा ठरवताना उतार बघा. पावसाचं पाणी खुराड्याकडून पालेभाजीच्या वाफ्याकडे किंवा विहिरीकडे वाहत असेल तर ती जागा सोडा.

४. कुंपण आणि मधलं दार

जड जातींना चार फुटी कुंपण पुरतं, हलक्यांना सहा फुटी लागतं. वरच्या कडेला जाड पट्टी किंवा बांबू आडवा लावू नका. कोंबडी आधी वर टेकायची जागा बघते आणि मग उडी घेते. नुसती सैल जाळी असेल तर सहसा प्रयत्न करत नाही. तरीही एखादी उडत असेल तर तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कातरा, म्हणजे तोल जातो. देठात रक्त दिसणारी नवी पिसं मात्र कातरू नका.

जागा असेल तर मला सगळ्यात आवडणारी मांडणी अशी: मध्ये कोंबड्यांचं अंगण, दोन्ही बाजूंना वाफे, आणि दोन्हीकडे एकेक दार. एका बाजूला पीक उभं असताना दुसरी बाजू कोंबड्यांना मिळते. जागा कमी असेल तर एक दार आणि वाफ्यांवर ठेवायच्या उचलत्या जाळीच्या चौकटी, एवढ्यावरही भागतं. कायमच्या झाडांच्या बुंध्याभोवती मुठीएवढे दगड पसरा, मुळं उघडी पडत नाहीत.

अंगणाच्या कुंपणावर बाहेरून वेल चढवा: काकडी, घेवडा, काहीही. आत डोकावणारी पानं कोंबड्या खातात, बाहेरची फळं आपल्याला मिळतात आणि अंगणाला सावली होते.

५. पिल्लं आणलीत तर

पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. थर्मामीटरइतकंच पिल्लांकडेही लक्ष द्या: दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोची उघड्या टाकत असतील तर उकडतं आहे. खाली गुळगुळीत कागद पसरू नका. त्यावर पाय फाकतात आणि कधी कायमचे अधू होतात. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पाच-सहा आठवड्यांत अंगावर पूर्ण पिसं आली की बाहेर न्या.

मोठ्या तलंगा आणल्या असतील तर पहिला आठवडा त्यांना खुराड्यात आणि जाळीबंद अंगणातच ठेवा. झोपायचं घर कोणतं हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढे रोज संध्याकाळी त्या आपणहून परततात. आधीच्या कोंबड्या असतील तर नव्यांना महिनाभर वेगळं ठेवा आणि आजाराची चिन्हं बघा.

६. खाणं-पाणी

मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते; कडक उन्हात पाणी दुप्पट लागतं. पिल्लांना स्टार्टर, मग ग्रोअर आणि अंड्यावर आल्यावर लेयर खाद्य, हा क्रम पाळा. लेयर खाद्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शिअम मुद्दाम जास्त घातलेलं असतं, पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते बाधतं. शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे वेगवेगळ्या वाट्यांत कायम ठेवा. कोंबडीला दात नसतात, दाणा पोटातल्या खड्यांनी दळला जातो.

भाजीपाला आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं हे रोजच्या खाण्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको. बागेतला जून पाला जुडी बांधून टांगा, जमिनीवर टाकला तर निम्मा तुडवला जातो. हे मात्र कधीच देऊ नका: हिरवे पडलेले बटाटे, बटाट्या-टोमॅटोचा पाला, कच्चा कोरडा राजमा, अ‍ॅव्होकाडोची साल आणि बी, खारट पदार्थ, बुरशी आलेलं काहीही. एरंड आणि कण्हेर कोंबड्यांच्या अंगणात नसावेत.

बाग असलेल्यांसाठी आणखी एक सापळा आहे. पेरून उरलेलं गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बियाणं म्हणजे औषध चोळलेलं बियाणं. ते कोंबड्यांपुढे टाकू नका आणि सांडलेलं वेचून घ्या. गोगलगाईंसाठीच्या विषारी गोळ्या आणि उंदरांचं विष कोंबड्या असलेल्या परसात वापरूच नये, मेलेला उंदीरही कोंबडी चोचीत धरते. वाफ्यावर रासायनिक फवारणी केली असेल तर तिथला पाला, तण, किडी सगळंच कोंबड्यांना वर्ज्य. रोज अंडी खाणार असाल तर फवारणी सोडूनच द्या, असं मी आग्रहाने सांगेन.

७. दार कधी उघडायचं

पीक निघाल्यावर. ही सगळ्यात चांगली वेळ. काढणी झाली की कोंबड्यांना आठ-दहा दिवस त्या वाफ्यात सोडा. उरलेला पाला, तणाचं बी, हुमणी, कोष, गोगलगाईंची अंडी, सगळं त्या वेचतात आणि वरची माती मोकळी करतात. मग दार बंद.

आता ती वही काढा. कोंबड्या वाफ्यात फिरल्या म्हणजे कच्ची शीट मातीत पडली, आणि त्यात साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात जनावरांचं-पक्ष्यांचं कच्चं खत घालणं आणि काढणी यांत अंतर सांगितलं आहे: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस. घरच्या बागेलाही हा हिशेब लावावा. अनेकांचा गोंधळ इथे होतो की हे दिवस पेरणीपर्यंत मोजायचे. ते काढणीपर्यंत मोजायचे असतात. म्हणजे कोंबड्या बाहेर काढल्यावर काही दिवसांत तुम्ही आधाराला बांधलेले टोमॅटो किंवा वांगी लावू शकता, कारण रोप वाढून फळ हाती येईपर्यंत तीन महिने जातात. लवकर लागलेली फळं असतील तर ९० दिवस पूर्ण झाल्याची वहीत खात्री करा. पण त्याच वाफ्यात लगेच मुळा किंवा पालक पेरू नका, तो महिना-दीड महिन्यातच ताटात येतो. म्हणून कोंबड्यांनंतर लांब मुदतीची फळभाजी आणि तिच्यानंतर पालेभाजी किंवा कंद, असा फेर धरा.

रोपं लहान असताना. दार पूर्ण बंद. 'फक्त पाच मिनिटं' म्हणूनही नको.

झाडं गुडघ्याच्या वर गेल्यावर. फळभाज्यांच्या वाफ्यात अंधार पडण्याआधीचा अर्धा-पाऊण तास सोडायला हरकत नाही, पण तुम्ही तिथे उभं राहून. उजेड कमी झाला की कोंबड्यांना नीट दिसत नाही आणि त्या आपोआप खुराड्याकडे वळतात, हाकलावं लागत नाही. अशा सोडण्यानेही वहीतले दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात, त्यामुळे पहिल्या तोडणीला ९० दिवसांहून कमी उरले असतील तर हेही नको.

फळं पिकायला लागल्यावर. बंद. लाल टोमॅटो कोंबडीला लांबून दिसतो.

पालेभाज्या आणि कंदमुळं. पीक उभं असेपर्यंत कधीच नाही.

पाऊस पडून माती चिखल झाल्यावर. बंद. ओल्या मातीत त्या खड्डे करतात आणि उरलेली तुडवून घट्ट करतात.

कोंबड्यांकडून कीडनियंत्रणाची अपेक्षा किती ठेवायची? मातीतल्या अळ्या, टोळ, गोगलगाई, जमिनीवर पडलेल्या किडक्या फळांतल्या अळ्या यांचा त्या चांगला समाचार घेतात. पानांखालचा मावा, पांढरी माशी यांना त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय कोळी, बेडूक, गांडुळं हे बागेचे सोबतीही त्या खातात. बाग सतत त्यांच्या ताब्यात न देण्याचं हेही एक कारण.

८. शिटेचं खत करणं

ताजी शीट थेट झाडाला घालू नका. तिच्यात नत्र इतकं जास्त आणि लवकर सुटणारं असतं की मुळं आणि पानं करपतात. ती कुजवावीच लागते.

लागणारं सामान: तीन बाय तीन फुटांचा कप्पा, दाताळं किंवा काटा, वाळलेली पानं, काड्या, लाकडाचा भुसा, झाकायला ताडपत्री. शिटेत कर्ब कमी आणि नत्र फार, म्हणून एक भाग शीट आणि आकारमानाने दोन-तीन भाग वाळलेला काडीकचरा असं मिसळा. खुराड्यातली गादी शिटेसकट काढली तर हे मिश्रण बरंचसं तयारच असतं. पिळलेल्या स्पंजाइतका ओलावा ठेवा. ढीग तीन फूट उंच असेल तर दोन-तीन दिवसांत आतून तापतो. ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाऊन काही दिवस तिथे टिकला तर रोगजंतू आणि तणाचं बी बऱ्याच अंशी मरतं. तापमान उतरलं की ढीग उलटा, म्हणजे कडेचा माल आत जाऊन तोही तापेल. वास आला तर ओलावा जास्त आहे किंवा काडीकचरा कमी. कोरडी पानं घालून पुन्हा उलटा.

उष्णता संपल्यावर दोन-तीन महिने मुरू द्या. काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं झालं की वापरा. मुरायला ठेवलेल्या ढिगावर कोंबड्यांना जाऊ देऊ नका, नाहीतर रोज ताजी शीट त्यात मिसळत राहते.

९. आजार आणि स्वच्छता

रोज सकाळी दार उघडताना नुसतं बघा. निरोगी कोंबडी धावत बाहेर येते. कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली, तुरा फिका किंवा काळसर पडलेली, न खाणारी कोंबडी त्याच दिवशी वेगळी करा. शिटेत रक्त दिसलं, विशेषतः तरुण पक्ष्यांत, तर रक्ती हगवण असू शकते. पशुवैद्यकाकडून औषध घ्या आणि गादी कोरडी ठेवा. राणीखेत म्हणजे मानमोडी आणि देवी यांवर लशी आहेत, वेळापत्रक तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाला विचारून वहीत लिहा. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही विचारायला विसरू नका.

एकाएकी अनेक पक्षी मेले तर बर्ड फ्लूची शंका धरा. मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, उरलेल्या कोंबड्या कुठे हलवू नका, पशुसंवर्धन यंत्रणेला कळवा.

लाल माइट नावाचे बारीक जीव दिवसा लाकडाच्या फटींत दडतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालची बाजू तपासा. कोंबड्यांना धूळ अंघोळीसाठी कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख एका खोक्यात द्या. दिली नाही तर त्या तुमचा बी पेरलेला वाफा त्यासाठी निवडतात.

खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना पक्षी हाताळू देऊ नका. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि रात्री खाद्याचं भांडं उचला. उंदीर खाद्यासाठी येतात, त्यांच्यामागून साप.

१०. अंडी सुरू झाल्यावर

बहुतेक तलंगा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान पहिलं अंडं देतात, स्थानिक जाती आणखी उशिरा. एक अंडं तयार व्हायला २४ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे मधूनमधून खाडा पडणं स्वाभाविक आहे. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. वर्षातून एकदा पिसं झडतात, तेव्हा दोन-तीन महिने अंडी थांबतात. हा आजार नाही. त्या काळात प्रथिनं जास्त द्या.

अंडी रोज गोळा करा. थोडी घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा. कवचाला बारीक छिद्रं असतात, थंड पाण्याने धुतल्यास जंतू आत ओढले जाऊ शकतात. धुवायचंच असेल तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने धुवा आणि लगेच वापरा.

एखादी कोंबडी खोक्यातून उठेनाशी झाली, जवळ गेलं की फुगून गुरगुरायला लागली, तर ती खुडूक झाली आहे. कोंबडा नसेल तर तिच्याखालची अंडी उबणार नाहीत. तिला काही दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, अन्न-पाण्यासकट, गादीशिवाय ठेवा. पोटाला खालून वारा लागला की खुडूकपणा उतरतो.

११. बाहेरगावी जाताना, आणि कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यावर

कोंबड्या एक रात्रही नुसत्या भरवशावर सोडता येत नाहीत, कारण संध्याकाळी दार लावायला कुणीतरी लागतं. शेजाऱ्याला आधी दोन-तीन दिवस सोबत घेऊन काम दाखवा: पाणी, खाद्य, अंडी, मोजणी, कडी. मधल्या दाराला मात्र जाण्याआधी कुलूप लावून जा. वाफ्यांचा फेर फक्त तुम्हाला माहीत आहे, तो दुसऱ्यावर टाकू नका.

दोन वर्षांनंतर अंडी कमी होत जातात, पण नीट सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षं सहज जगते. तेव्हा तिचं काय करायचं हे पक्षी आणण्याआधी घरात बोलून ठरवा, मुलं असतील तर त्यांच्याशीही. ठेवायचं ठरलं तर खुराड्यात नव्या तलंगांसाठी जागा सुरुवातीलाच सोडा. म्हातारी कोंबडी काढणीनंतरचा वाफा तरुण कोंबडीइतकाच नीट साफ करते आणि उडून कुंपणही ओलांडत नाही, म्हणून बागेच्या कामाला मी तिलाच आधी सोडते.